लाँग रेस्ट फुकट देऊ नका: डी अँड डीमध्ये पार्टीचा दिवस कसा आखावा

डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्यातली पाचव्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पडक्या बुरुजात शिरते. पहिल्या दालनात विझार्ड (जादूगार) एक फायरबॉल, म्हणजे आगीचा मंत्र, टाकतो, दुसऱ्या दालनात दुसरा. मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "दार लावून घेऊ, झोपू इथेच." आठ तासांची ही झोप म्हणजे लाँग रेस्ट, तिने खर्च झालेलं सगळं परत मिळतं. खेळातल्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. यावर जे सल्ले मिळतात त्यांतले बहुतेक निरुपयोगी आहेत. राक्षसांचे एचपी (जीव मोजायचे गुण) दुप्पट केलेत तर पार्टी आणखी लवकर झोपते. खेळाडूंना "असं खेळू नका" सांगण्यातही अर्थ नाही, कारण नियमांनी जे फुकट देऊ केलं आहे तेच ते घेत असतात.

"दिवसाला सहा ते आठ लढाया घाला" हा सल्ला तर सर्वांत जास्त वेळा मिळतो आणि सर्वांत चुकीचा वाचला जातो. २०१४च्या डीएमसाठीच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम किंवा कठीण प्रतीच्या सहा ते आठ चकमकी पार्टीला झेपतात, असं लिहिलं आहे. हा पार्टीच्या दमाचा अंदाज आहे, तेवढ्या घालाव्याच लागतात असं नाही. त्याच पुस्तकात पाचव्या लेव्हलच्या पात्राचं दिवसाचं बजेट ३,५०० एक्सपी (चकमकीची ताकद मोजायचे गुण) आहे. मध्यम चकमक ५०० पासून सुरू होते आणि 'डेडली' (जीवघेणी) १,१०० पासून. म्हणजे सात मध्यम चकमकी काय किंवा तीन डेडली काय, दिवस जवळपास भरतोच. मी तीन किंवा चारच ठेवतो. सापळा, पूर आलेली नदी, वाटाघाटी यांनी स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) किंवा एचपी खर्च होत असतील तर त्याही धरायच्या. २०२४च्या पुस्तकातून दिवसाचं हे बजेट काढून टाकलं आहे, पण आठ तास झोपून सगळं परत मिळतं हा नियम तसाच आहे. त्यामुळे अडचणही तशीच आहे.

आधी कागदावर लिहा: कोण कशावर जगतं

पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे ९ स्लॉट असतात, त्यांतले तिसऱ्या लेव्हलचे फक्त २. 'आर्केन रिकव्हरी'ने दिवसातून एकदा थोडे परत येतात, बाकीच्यांसाठी लाँग रेस्टच लागते. वॉरलॉक या दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराकडे दोनच स्लॉट, पण दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे, आणि ते प्रत्येक शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत मिळतात. फायटरचं 'ॲक्शन सर्ज' (एक जादा कृती) आणि मंकचे, म्हणजे हातघाईने लढणाऱ्या साधूचे, 'की' शक्तीचे गुणही तासाभराच्या विश्रांतीने भरतात. 'रोग' या चोरट्या पात्राचा 'स्नीक अटॅक' (मोक्याचा वार) कधी संपतच नाही.

दिवसात एकच लढाई झाली तर विझार्ड सगळा दारूगोळा एकदम ओततो आणि वॉरलॉक दोन मंत्रांनंतर हात चोळत बसतो. तोच दिवस दोन शॉर्ट रेस्टचा झाला की वॉरलॉकला तिसऱ्या लेव्हलचे सहा मंत्र टाकता येतात. तुमच्या टेबलावर वॉरलॉक किंवा मंक खेळणारी व्यक्ती गप्प होत चालली असेल, तर तिचं पात्र दुबळं आहे असं समजण्याआधी शेवटच्या चार सेशनमध्ये किती शॉर्ट रेस्ट झाल्या ते मोजा.

आता खरी अवघड पायरी: झोपेला किंमत लावणं

इथे मी दोन वर्षं अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली दोन-तीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टी) मी रात्री छाप्यांवर काढली. पार्टी झोपली की लांडगे, पुन्हा झोपली की डाकू. नियमांच्या दृष्टीनेही यातून फारसं साधत नाही. २०१४च्या नियमांत लाँग रेस्ट मोडायला निदान तासभराची धावपळ लागते, असंच बहुतेक टेबलांवर धरलं जातं. तीन राउंडची चकमक १८ सेकंदांत संपते, पार्टी पुन्हा आडवी होते आणि सकाळी सगळे स्लॉट भरलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे खेळाडू त्यातून नेमका उलटा धडा घेतात. रात्री लढावं लागणार हे ठाऊक झालं की ते रात्रीसाठी स्लॉट राखतात, म्हणजे दुपारीच थांबतात. छापा घालायचा असेल तर गोष्टीत कारण असेल तेव्हा घाला. झोपेची शिक्षा म्हणून नको.

मग मी मुदत देऊ लागलो. तीन दिवसांत विधी पूर्ण होईल आणि गाव नष्ट होईल. पार्टी दोनदा झोपली, मुदत संपली, आणि गाव बुडवलं तर पुढची सगळी गोष्टच बुडणार हे माझ्या लक्षात आलं. मी काही न बोलता मुदत एक दिवसाने सरकवली. खेळाडूंनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण त्यांना कळलं होतं. त्या कॅम्पेनच्या शेवटापर्यंत माझ्या एकाही मुदतीवर कुणी विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून माझा ठाम नियम आहे: जी शिक्षा अमलात आणायला तुमचा हात धजावणार नाही, ती जाहीर करू नका.

आता मी असं करतो. कागदावर वर्तुळ काढून त्याची सहा घरं पाडतो, हेच माझं घड्याळ, आणि तो कागद टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. पडद्यामागे नाही. एक लाँग रेस्ट घेतली की एक घर रंगवायचं. मोठा गोंधळ करून शत्रूला सावध केलं तरी एक घर. दिवसातल्या पहिल्या दोन शॉर्ट रेस्ट फुकट, कारण त्या व्हाव्यात अशीच माझी इच्छा असते.

प्रत्येक घराला काय होणार हे सेशनच्या आधी लिहून ठेवायचं, आणि ते नुकसान लहान पण कायमचं असावं. समजा बुरुजात डाकूंनी सहा कैदी ठेवले आहेत. पहिल्या घराला एक कैदी दुसरीकडे हलवला जातो. दुसऱ्याला फाटकावरचा पहारा दुप्पट होतो. तिसऱ्याला आणखी दोन कैदी जातात. चौथ्याला मागचा भुयारी रस्ता बुजवला जातो. पाचव्याला सरदार खजिन्याची पेटी घेऊन निघून जातो. सहाव्याला बुरुज रिकामा. यांतल्या कशानेही कॅम्पेन संपत नाही, म्हणूनच मी ते बिनदिक्कत घडवू शकतो. आणि एकदा पहिला कैदी खरोखर गेला की पुढच्या पाच घरांना वजन येतं.

पार्टी झोपायचं म्हणाली की नाही म्हणू नका. स्पष्ट सांगा: "झोपता येईल. सकाळी दुसरं घर भरलेलं असेल." आणि गप्प बसा. आता क्लेरिक (पुजारी) म्हणेल माझ्याकडे दोन स्लॉट आहेत, फायटर म्हणेल माझे १४ एचपी उरलेत, कुणी कैद्यांची आठवण काढेल. हा वाद दहा मिनिटं चालला तरी मध्ये तोंड घालू नका आणि खेळ रेंगाळला म्हणून अस्वस्थ होऊ नका. साधनांचा खेळ म्हणतात तो हाच. फायरबॉलचे फासे टाकण्यापेक्षा मला या दहा मिनिटांत जास्त रंगत वाटते.

'टायनी हट' या घुमट उभारणाऱ्या मंत्राबद्दल नेहमी विचारलं जातं. विधीने टाकला तर स्लॉट जात नाही आणि आठ तास भक्कम आसरा मिळतो. तो मंत्र बंद करू नका, विझार्डने तो मिळवलेला आहे. पार्टी घुमटात सुरक्षित राहते, पण कागदावरचं घर भरायचं थांबत नाही, आणि बाहेरच्यांना तयारीसाठी आठ तास मिळतात.

प्रवास

रस्त्यावर दिवसाला एखादीच लढाई होते, तिथे घड्याळ निष्प्रभ ठरतं. २०१४च्या पुस्तकात यासाठी एक पर्याय दिला आहे: शॉर्ट रेस्ट ८ तासांची, लाँग रेस्ट ७ दिवसांची. मला तो सरसकट पटत नाही, कारण 'मेज आर्मर'सारखा ८ तास टिकणारा मंत्र एका शॉर्ट रेस्टमध्येच संपून जातो. मी एवढंच ठरवतो की उघड्यावर लाँग रेस्ट लागू होत नाही. डोक्यावर छप्पर आणि दाराला अडसर हवा. हे कॅम्पेन सुरू होण्याआधी सांगा. मध्येच बदललंत तर खेळाडू रागावतील, आणि तो राग योग्यच असेल.

मशाली, बाण, शिधा

मोजायचे तर नीट मोजा, नाहीतर सोडून द्या. १९८१च्या बेसिक नियमांत दहा मिनिटांचा एक टर्न, सहा टर्नची एक मशाल आणि दर दोन टर्नना भटक्या राक्षसांसाठी एक फासा असायचा. तिथे मशालीला अर्थ होता, कारण प्रत्येक दहा मिनिटांची किंमत मोजावी लागायची. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ आणि २०२४च्या पुस्तकांत, 'लाइट' हा उजेडाचा मंत्र कितीही वेळा टाकता येतो आणि 'गुडबेरी' मंत्राची दहा फळं दहा जणांची दिवसाची भूक भागवतात. तिथे शिध्याचा हिशेब मी ठेवत नाही.

सेशन संपवताना

लाँग रेस्टवर संपवायचा मोह टाळा. दिवस अर्धवट असताना थांबलात तरी बिघडत नाही. फक्त उठण्याआधी प्रत्येकाकडून उरलेले स्लॉट, एचपी आणि हिट डाइस (शॉर्ट रेस्टमध्ये एचपी भरायचे फासे) लिहून घ्या, आणि तो कागद तुमच्याकडेच ठेवा. दोन आठवड्यांनी कुणालाच काही आठवत नाही. घड्याळाच्या कागदाचा फोटोही काढा. पहिल्यांदाच करत असाल तर सहाऐवजी चार घरांनी सुरुवात करा, आणि पहिलं घर भरलं की नुकसान त्याच सेशनमध्ये घडताना दाखवा.