लॅपटॉप चार्जरला लावला की पीए सिस्टिममधून (स्टेजच्या स्पीकरांतून) घूंऽऽ आवाज: माझा अनुभव

आमच्या बँडमध्ये गायक नाही, त्यामुळे हळुवार भागात असा आवाज लपायला जागाच नसते. सिंथचे (सिंथेसायझरचे) ट्रॅक लॅपटॉपवरून वाजतात. चार्जर लावला की पीए सिस्टिममधून घूंऽऽ सुरू, काढला की शांत. डोकं पिकलं होतं नुसतं.

केबल बदलल्या, फरक शून्य. नॉइझ गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावलं तर डिलेची, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टची, विरत जाणारी शेपटीच कापली जायची.

कारण ग्राउंड लूप: लॅपटॉप आणि मिक्सर यांची अर्थिंग विजेच्या सॉकेटमधून आधीच जोडलेली असते, ती ऑडिओ केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) दुसऱ्यांदा जोडली जाते.

याच क्रमाने करा. आधी मिक्सरवरचे दोन्ही चॅनल म्यूट, फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद. ऑडिओ इंटरफेसचे (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीचे) डावे-उजवे आउटपुट दोन चॅनलच्या पॅसिव्ह डीआय बॉक्समध्ये, म्हणजे सिग्नल माइक इनपुटला जोडण्याजोगा करणाऱ्या छोट्या डब्यात (पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाराच घ्या, आतला ट्रान्सफॉर्मरच खरं काम करतो). तिथून एक्सएलआर केबलने (माइकची तीन पिनांची केबल) मिक्सरच्या माइक इनपुटला. सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार, म्हणून डीआयवरचं पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) चालू. मग ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते शील्डमधली जोडणी तोडतं. शेवटी अनम्यूट करून गेन सावकाश वाढवा.

चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. गिटारच्या धातूच्या तारा हातात असतात, शॉक जिवावर बेतू शकतो.