आतड्यातले बॅक्टेरिया आणि आपली शुगर-चरबी: काय खायचं, बायकांनी-पुरुषांनी कशावर लक्ष ठेवायचं

प्रोबायोटिकची (जिवंत 'चांगल्या' बॅक्टेरियांची) डबी किंवा नमुना पाठवून 'तुमच्या पोटात कोणते बॅक्टेरिया आहेत' सांगणारी ती महागडी टेस्ट, यातलं काहीही घ्यायच्या आधी घरातला टेप शोधा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता (सगळे ओढतात!) मोजायचं. आपल्या दक्षिण आशियाई शरीरांसाठी पुरुष ९० सेंमी आणि बायका ८० सेंमी ही मर्यादा, युरोपियन पुरुषांना ९४ पर्यंत सूट आहे. सोबत फास्टिंग शुगर १०० च्या खाली, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या खाली, बीपी १३०/८५ च्या खाली, आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांचं किमान ४० तर बायकांचं किमान ५०. या पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आकडे लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत बघा, त्याआधी रोज रोज तपासत बसण्यात काही अर्थ नाही. बायकांनी पाळीच्या तोंडावर कंबर मोजू नका, तेव्हा पोट फुगलेलं असतं आणि उगाच मूड जातो.

आता बॅक्टेरिया यात कुठे आले? मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि आपल्याला न पचणारं फायबर हेच त्यांचं जेवण. ते आंबवून ही मंडळी शॉर्ट चेन फॅटी ॲसिड बनवतात, त्यातलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, शिवाय या ॲसिडमुळे जीएलपी-१ नावाचं पोट भरल्याची जाणीव देणारं हार्मोन सुटायला मदत होते. हो, तेच हार्मोन ज्याची नक्कल करणारी वजनाची इंजेक्शनं सध्या गाजतायत, पण इंजेक्शनचा परिणाम जेवणातून मिळेल असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणजे मुख्य काम फायबर वाढवायचं. अमेरिकेतला सल्ला बायकांना रोज २५ ग्रॅम आणि पुरुषांना ३८ ग्रॅम असा आहे, म्हणजे दर हजार कॅलरीमागे १४ ग्रॅम, पुरुष जास्त खातात म्हणून जास्त, बाकी काही रहस्य नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, एक कप शिजवलेल्या मसुरात साधारण १५ ग्रॅम, सालासकट एका सफरचंदात ४, मूठभर बदामात साडेतीन, आणि पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये जेमतेम एक. पाकिटावर पुढे काय छापलंय ते वाचू नका, मागचा तक्ता बघा, १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम फायबर असेल तर चांगलं.

पण एकदम उडी मारू नका! सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून देतात. आज १२ ग्रॅम खाताय आणि उद्या ३५ खाल्लं तर बॅक्टेरिया खूश होऊन एवढा गॅस करतील की चार दिवसात तुम्ही 'मला कडधान्यं सोसत नाहीत' म्हणून मोकळे. आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा, पाणी जास्त प्या, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि नीट मऊ शिजवा. थोडा गॅस होणारच, तो दोन-तीन आठवड्यात बऱ्यापैकी बसतो.

दुसरं, आंबवलेलं खा. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात ३६ जणांपैकी काहींना १० आठवडे भरपूर फायबर दिलं आणि काहींना दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेला कोरियन कोबी) असलं आंबवलेलं, तर बॅक्टेरियांचे प्रकार वाढले ते दुसऱ्या गटात आणि शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवणारी १९ प्रथिनंही त्यांच्यातच कमी झाली. ३६ जण म्हणजे लहानच अभ्यास, तेव्हा मी तरी यावरून फायबर सोडणार नाही, दोन्ही खाईन. आंबवल्यानंतर गरम केलेल्या पदार्थात जिवंत बॅक्टेरिया राहत नाहीत एवढं लक्षात असू द्या.

बायका-पुरुषांचा मेनू तोच, लक्ष मात्र वेगळ्या ठिकाणी. पुरुषांची चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती लवकर साठते आणि टाइप २ डायबिटीस बायकांपेक्षा कमी बीएमआयवरच (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) गाठतो, त्यामुळे 'मी तर बारीकच आहे, फक्त पोट आहे' म्हणणाऱ्यांनीच आधी शुगर तपासावी. बायकांची चरबी इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे नितंब-मांड्यांकडे जाते, मेनोपॉजनंतर तीच पोटाकडे सरकते, म्हणून पंचेचाळिशीनंतर वजन तेवढंच असलं तरी कंबर बघत राहायची. शिवाय बायकांचं मोठं आतडं हळू चालतं, बद्धकोष्ठतेचा त्रासही पुरुषांच्या साधारण दुप्पट, तेव्हा त्यांनी फायबर अजून सावकाश वाढवावं, इसबगोल किंवा रोज दोन किवी यांनी बऱ्याच जणींना फरक पडतो. काही बॅक्टेरिया यकृताने बाहेर टाकलेलं इस्ट्रोजेन सुटं करून परत रक्तात जाऊ देतात हे खरंय, पण त्यावरून 'हार्मोन बॅलन्स' पावडरी विकणारे बरेच पुढे गेलेत, त्यांच्या नादी लागू नका.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण जेवणातली साखर-मैदा कमी झाला आणि डोस तोच राहिला तर शुगर लो होऊ शकते. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) असेल किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे सगळं विचारूनच. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर सुरुवातीला तिच्यानेही गॅस आणि जुलाब होतात, त्याच आठवड्यात फायबर वाढवलं तर नक्की कशाने झालं तेच कळणार नाही, आधी गोळी अंगवळणी पडू द्या.