हौशी थिएटरचा बार चालवताय? मग या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे थिएटरच्या बारला नेहमीच्या बारसारखं चालवणं. नेहमीच्या बारमधे गिऱ्हाईक संध्याकाळभर एकेक करून येत राहतं, इथं सगळेच्या सगळे मध्यंतरात एकदम काउंटरवर येऊन आदळतात आणि घंटा झाली की दोन मिनिटांत गायब. बाकी बहुतेक गोंधळ यातूनच होतात.

जरा हिशोब करून बघा. हॉलमधे १२० लोकं आहेत आणि त्यातले निम्मे काहीतरी घेणार असं धरू, म्हणजे ६० जण. मध्यंतर १५ मिनिटांचं, पण त्यातली तीनेक मिनिटं खुर्चीतून उठून बाहेर यायला जातात आणि शेवटची तीन ग्लास संपवून परत जायला, हातात उरली ९ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. काउंटरला एकच माणूस असेल तर प्रत्येकाला ९ सेकंद आले, त्यात ऑर्डर ऐकायची, ग्लास भरायचा, पैसे घ्यायचे. तिघं उभे केले तरी २७ सेकंद. बरेच जण जोडीने येतात आणि एकच जण ऑर्डर देतो म्हणून कसंबसं निभतं इतकंच. त्यामुळे कुणी हौसेने कॉकटेलचा मेन्यू छापायचं म्हणालं की तिथंच थांबवा, एका कॉकटेलमागे रांगेतली चार माणसं कोरडी परत जातात.

उपाय म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधीच मध्यंतराची ऑर्डर आणि पैसे घेऊन टाकायचे, चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहायचा आणि मध्यंतराच्या जरा आधी ग्लास टेबलावर चिठ्ठीसकट मांडून ठेवायचे. वाईन पाचदहा मिनिटं आधी ओतली तर काही बिघडत नाही, बिअर आणि सोडा मात्र ऐनवेळीच उघडा. आणि एकाने ओतायचं, एकाने पैसे घ्यायचे, दोन्ही कामं एकाच माणसाला दिली की वेग निम्म्यावर येतो.

आता लायसन्स. संस्थेची कमिटी दरवर्षी बदलते आणि लायसन्स मात्र कधीच संस्था सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर तसंच पडून राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. नियम जागोजागी वेगळे असतात त्यामुळे दुसऱ्या ग्रुपने काय केलं ते विचारत बसू नका, तुमचा स्वतःचा कागद काढा आणि अटी वाचा: किती वाजेपर्यंत विकता येतं, ग्लास हॉलमधे किंवा बाहेर पायऱ्यांवर नेता येतो का, फक्त तिकीटवाल्यांनाच द्यायचंय की कुणालाही. "तिकिटासोबत एक वाईन फुकट" किंवा "पैसे नको, डब्यात देणगी टाका" असल्या युक्त्या बऱ्याच ठिकाणी विक्रीच धरल्या जातात, लायसन्स देणाऱ्या ऑफिसला लेखी विचारून घ्या. प्रयोगानंतरची पार्टी रंगते तेव्हाच वेळ उलटून जाते हेही ध्यानात ठेवा.

मुलांचं नाटक असेल त्या दिवशी वयाचा प्रश्न दुप्पट होतो, कारण काउंटरच्या पलीकडे तर मुलं असतातच पण मदतीला म्हणून अलीकडेही एखादा पंधरा वर्षांचा उत्साही पोरगा उभा असतो. आणि जास्त झालेल्या माणसाला नाही म्हणणं इथं खरंच अवघड जातं, कारण तो नायिकेचा मामा नाहीतर संस्थेचा देणगीदार निघतो. म्हणून नाही कोण म्हणणार ते आधीच ठरवा आणि त्या माणसामागे कमिटीने ठाम उभं राहायचं, दुसऱ्याने जाऊन "द्या हो एक" करायचं नाही. कलाकार आणि बॅकस्टेजवाल्यांना पडदा पडेपर्यंत बार बंद, यात चर्चाच नको, वर लाईट टांगलेले असतात आणि दोर ओढणारा शुद्धीत लागतो.

नळाच्या बिअरचा मोह आवरा. ५० लिटरचा केग (बिअरचं पिंप) म्हणजे साधारण अर्ध्या लिटरचे १०० ग्लास, तेही काही सांडलं नाही तर, आणि महिन्यातून दोनतीन प्रयोग असतील तर ती बिअर पाईपमधे पडून पडून आंबते. बाटल्या नाहीतर कॅन बरे. नळ असेलच तर प्रयोगांच्या मधे पाईप धुतलाच पाहिजे, पाईपात उरलेली बिअर फेकून द्यायची, गिऱ्हाईकाला पाजायची नाही. नुसता फेसच येतोय? केग नुकताच आणलाय का, हलवलाय का, पुरेसा गार झालाय का ते आधी बघा, मग बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या गॅसचं प्रेशर, मग पाईप. उलट फेस धरतच नसेल तर बहुतेक वेळा ग्लासावर साबणाचा नाहीतर लिपस्टिकचा थर असतो, बिअरला उगीच नावं ठेवू नका.

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तळघरात किंवा बंद खोलीत खाली साचतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, खोलीत हवा खेळती, आणि शक्यतो गळती सांगणारा अलार्म. आत कुणी पडलेलं दिसलं तर धावत आत शिरू नका, आधी मदत बोलवा.

वाईनमधे पैसे कुठे जातात माहितीये? व्हॉलंटियरच्या सढळ हातात. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास बसतात, हात १८० वर गेला की चारच, आणि नफा नेमका त्या पाचव्यात होता. माप वापरा. उघडलेल्या बाटलीवर मार्करने तारीख टाका, बूच लावून फ्रिजमधे ती तीनपाच दिवस चालते, पुढच्या महिन्याच्या प्रयोगाला नाही.

बर्फ ग्लासाने उपसू नका, ग्लास फुटला तर सगळा बर्फ फेकावा लागतो, चमचा ठेवा. रिकाम्या बाटल्या दुसरा अंक चालू असताना डब्यात ओतू नका, तो खणखणाट शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतो, ग्लास धुवायचं मशीनही तेव्हा बंदच ठेवा. कार्ड मशीन रिकाम्या हॉलमधे झकास चालतं आणि मध्यंतरात बंद पडतं कारण सगळ्यांनी एकदम फोन चालू केलेले असतात, म्हणून मशीनसाठी वेगळं वायफाय ठेवा, त्याचा पासवर्ड कुणालाच नाही. सुट्टेही ठेवा. "नंतर देतो" वाल्यांची वही उघडूच नका, आणि स्टॉक त्याच रात्री दोघांनी मिळून मोजा.

शेवटचं माल घेताना. न उघडलेला माल परत घेणारा सप्लायर मिळतो, आधी विचारा. पण सगळ्याच बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवल्या तर लेबलं सुटतात आणि मग तो परत घेत नाही, तेव्हा आधी लागेल तेवढ्याच गार करा आणि बाकीचे खोके बंदच राहू द्या.