डबल सायलेन्सरसाठी मॅनिफोल्ड कापताय? या चुका टाळा

जुन्या शेवरलेटचं 216 किंवा 235 क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन डबल सायलेन्सरवर फार गोड बोलतं. पण जळगाव-धुळ्याकडे अशी कामं बिघडतात ती सायलेन्सर वाईट निघाला म्हणून क्वचितच. पाइप चुकला तर तो बदलता येतो. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग. दोन सायलेन्सरसाठी ते कापून दोन भागांत वाटावं लागतं. ते बिडाचं (कास्ट आयर्नचं) असतं, आणि बीड चुकीचं तापवलं की ते परत मिळत नाही. म्हणून इथे पाइपांपेक्षा मॅनिफोल्डबद्दलच जास्त लिहिलं आहे.

गाडीवरचं मूळ मॅनिफोल्ड कापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती पहिल्या तासातच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा, अशी अट आहे. गाडी या मालिकेत न्यायची असेल तर काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. व्हिंटेज रॅलीतले परीक्षकही बॉनेट उघडून बघू शकतात.

त्यामुळे भंगारातून दुसरं मॅनिफोल्ड मिळवा आणि कापायचं ते कापा. घेताना रॉकेल-खडूची परीक्षा करा. मॅनिफोल्ड घासून साफ करा, रॉकेलात अर्धा तास बुडवा, पुसून कोरडं करा आणि वरून खडू फासा. तडा असेल तिथे थोड्या वेळात ओली रेघ उमटते. तड्याचं मॅनिफोल्ड फुकट मिळालं तरी नको.

इंजिन न बघता मधोमध कापणं

सहा सिलिंडरच्या या इंजिनांची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4 आहे. क्रँक दर 120 अंश फिरली की एक सिलिंडर पेटतो. पुढचे तीन (1, 2, 3) वेगळे काढले तर ते 0, 240 आणि 480 अंशांवर पेटतात. मागचे तीन 120, 360 आणि 600 वर. म्हणजे दोन्ही पाइपांत धक्के सारख्या अंतराने येतात. आवाजातला गोडवा तिथून येतो आणि दोन पाइप जोडणाऱ्या मधल्या नळीची गरजही उरत नाही. शेवरलेटच्या हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर पडायची, चार तोंडं असतात: पहिल्याचं स्वतंत्र, 2-3चं एकत्र, 4-5चं एकत्र, सहाव्याचं स्वतंत्र. दोन अर्धे वेगळे करणारा पडदा दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मध्येच बसायला हवा.

हाच हिशेब चार सिलिंडरला लावला की फसतो. अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट यांची ऑर्डर 1-3-4-2. इथे पुढचे दोन आणि मागचे दोन असे वेगळे केले तर एका पाइपात 1 आणि 2 येतात, त्यांच्यात एकदा 540 अंशांचं अंतर पडतं आणि एकदा 180चं. गाडी मिसिंग असल्यासारखी फडफडते आणि मालक बिचारा प्लग बदलत बसतो. चार सिलिंडरमध्ये 1-4 एकत्र आणि 2-3 एकत्र घ्यायला हवेत. अ‍ॅम्बॅसिडरच्या पेट्रोल हेडला तर 2-3चं तोंडच एक आहे, तिथे मधोमध कापायचा प्रश्नच येत नाही. अशा इंजिनांना मॅनिफोल्डच्या जागी पाइपचं नवीन हेडर बनवलेलं बरं, बिडाला हात लावू नका.

पडदा घालायचा की दोन तुकडे करायचे?

दोन्ही पद्धती चालतात. पडद्याच्या पद्धतीत मॅनिफोल्ड वरून कापून आत 4-5 मिमीची पट्टी बसवतात आणि ज्या अर्ध्याला पाइपाकडे जाणारं तोंड उरत नाही त्याला नवीन तोंड काढतात. दिसायला मूळसारखं राहतं, पण लांब अखंड बीड तसंच ताणात राहतं. 650 मिमी लांबीचं बीड खोलीच्या तापमानापासून 500 अंशांनी तापलं तर साधारण साडेतीन मिमी लांब होतं. त्यात नवीन वेल्डिंगची रेघ आली की तडा तिथूनच जातो.

आमचा कल पूर्ण दोन तुकडे करून दोन्ही कापलेली तोंडं बंद करण्याकडे आहे. मध्ये 3-4 मिमी फट राहू द्या, म्हणजे दोन्ही अर्धे आपापले फुगतील. कार्बोरेटरच्या खाली इनटेकला (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या मॅनिफोल्डला) ऊब देणारा हीट बॉक्स मात्र कापू नका. तो अख्खा एका अर्ध्याकडे राहायला हवा. कापण्याआधी हीट बॉक्स आणि मूळ तोंड कुठल्या बाजूला जातात ते टॉर्च मारून, आत तार घालून बघा. बाहेरून अंदाज करून कापलेल्या मॅनिफोल्डमध्ये मागच्या तीन सिलिंडरचा रस्ता अर्धा बुजलेला सापडतो.

बिडाचं वेल्डिंग

बहुतेक मॅनिफोल्ड इथेच मरतात. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो. साध्या एमएस (माइल्ड स्टीलच्या) रॉडने टाका मारला आणि तो पटकन गार झाला की टाक्याशेजारचं बीड काचेसारखं कडक होतं. ड्रिल चढत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला टाक्याला लागूनच ‘टण्’ आवाज करून तडा जातो. वेल्डर म्हणतो टाका मजबूत आहे. टाका खरंच मजबूत असतो, फाटतं ते त्याच्या शेजारचं बीड.

रॉड निकेलचा घ्या. बिडाला बीड जोडायला आणि नंतर फेसिंग (हेडवर बसणारी बाजू घासून सपाट) करायला 99 टक्के निकेलचा. बिडाला एमएस पाइपचा तुकडा किंवा फ्लँज जोडायला साधारण 55 टक्के निकेल असलेला निकेल-लोखंड रॉड. 2.5 मिमी रॉडला 60 ते 80 अँपियर पुरतात. रॉड महाग आहे म्हणून खालचा थर एमएसने भरून वर निकेल फिरवणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं.

जुनं बीड वर्षानुवर्षं काजळी आणि तेल प्यालेलं असतं. ग्राइंडरने चमकवलं तरी आतलं तेल तसंच असतं, आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. जोडाची जागा व्ही आकारात घासा, गॅसच्या ज्योतीने धूर थांबेपर्यंत तापवा, गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा, मग टाका.

तापवण्याच्या दोन रीती आहेत, आणि गोंधळ त्या मिसळल्याने होतो. गरम रीतीत अख्खं मॅनिफोल्ड 250 ते 300 अंशांवर नेतात आणि काम संपेपर्यंत ते तिथेच ठेवतात. कोळशाची भट्टी किंवा मोठी ज्योत, आणि मोजायला तापमानाचा खडू किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर. थंड रीतीत तापवतच नाहीत: 25 मिमीचा टाका मारायचा, लगेच छोट्या हातोडीने हलकं ठोकायचं, टाक्याशेजारी हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग दुसऱ्या ठिकाणी पुढचा टाका. कोणतीही रीत घ्या, पण शेवटपर्यंत तीच. फक्त जोडाची जागा लाल करून बाकीचं गार ठेवलं की ताण पडून ते तडकणारच.

गरम रीतीत गार करणं हे निम्मं काम आहे. राखेला खान्देशात तोटा नाही. पऱ्हाट्यांची राख चाळून, तव्यावर कोरडी करून पत्र्याच्या पिंपात भरा आणि मॅनिफोल्ड त्यात पूर्ण पुरा. चारही बाजूंनी किमान 10 सेंमी राख हवी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडू नका. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये कूलर चालू असतो, त्याचा ओलसर झोत गरम बिडावर आला की सगळी मेहनत वाया जाते. वेल्डिंग सुरू होण्याआधी कूलर बंद करा.

पितळ भरून झाळण्याबद्दलही विचारलं जातं. बाहेरच्या छोट्या दुरुस्तीला ते ठीक. पण घाटात मॅनिफोल्ड लाल होतं, तेव्हा पितळाची ताकद बरीच उतरते. तोंडाच्या जोडाला पितळ नको.

फेसिंग न करता बसवणं

मॅनिफोल्ड वेल्डिंगला घेताना 20 मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटवर, हेडच्या भोकांप्रमाणे बोल्ट करून ठेवा. दोन तुकडे केले असतील तर हे सक्तीचं समजा. पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. तरीही थोडा बाक येतोच. सरळपट्टी लावून फिलर गेज घाला. 0.25 मिमीची पत्ती कुठेही शिरली तर फेसिंग हवं. जाड पॅकिंगने भागवू नका, ते महिनाभरात जळतं.

इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच पॅकिंगवर बसतात, म्हणून दोन्ही एकत्र बोल्ट करून एकाच वेळी फेसिंग करा. जळगावच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर हे काम होतं. फक्त इंजिनमध्ये बसतात त्याच स्थितीत दोन्ही मॅनिफोल्ड बांधून पाठवा. बसवताना क्रम उलटा ठेवा. दोन्ही मॅनिफोल्डना जोडणारे मधले बोल्ट सैल ठेवून आधी हेडला बसवा, मधून टोकांकडे टप्प्याटप्प्याने आवळा, आणि ते जोडबोल्ट शेवटी. ते आधी आवळले तर मॅनिफोल्ड हेडवर तिरकं ओढलं जातं आणि पहिल्या तापण्यात बोल्टचा कान तुटतो. टोकाचे क्लॅम्प मधल्यांपेक्षा थोडे हलके आवळा, लांबी वाढताना बिडाला सरकायला जागा लागते. नट पितळेचे वापरा, ते गंजून चिकटत नाहीत.

मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद, हा समज

दीड मिमीच्या आसपास जाडीचा दोन इंची पाइप घेतला तर आतलं क्षेत्रफळ सुमारे 1,780 चौरस मिमी येतं. बारा सुती, म्हणजे दीड इंची, दोन पाइपांचं मिळून सुमारे 1,910. म्हणजे दोन दीड इंची पाइप जुन्या एका दोन इंचीला पुरून उरतात. चौदा सूत ही वरची मर्यादा. दोन-दोन इंची जोडी घातली तर वायूचा वेग निम्म्यावर येतो, खालच्या आरपीएमचा पिकअप जातो आणि 50-60च्या वेगाला गाडीच्या आत घुमायला लागतं. ही इंजिनं खालच्या आरपीएमवरच ओढणारी आहेत.

शेवरलेटचं मॅनिफोल्ड इंजिनच्या डाव्या बाजूला असतं. परदेशी व्हिडिओंत स्टीअरिंग चुकवण्याची जी कसरत दाखवतात ती आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीला लागत नाही. पण त्या बाजूने जाणारी पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बघा. पाइपापासून 50 मिमी अंतर ठेवा, जागा नसेल तर मध्ये पत्रा लावा. पाइप टांगताना रबरी हँगर वापरा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डुलतं. पाइप चेसिसला पक्का बांधला तर इंजिन डुलताना सगळा जोर मॅनिफोल्डच्या नवीन जोडावर येतो. प्रत्येक पाइपाला खाली एक लवचिक तुकडा द्या.

सायलेन्सर दोन्ही पाइपांना खरे, आतून भरलेले हवेत. सायलेन्सर हा कायद्याने लागतोच, आणि मोकळ्या पाइपाचा आवाज गावातून जाताना लोकांना त्रासच देतो. पाइपाचं तोंड बॉडीच्या बाहेर काढा. फ्लोअरखाली थांबवलेल्या पाइपातून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, आणि काचा बंद करून बसलेल्याला कळायच्या आत तो गुंगीत जातो. या एका गोष्टीत तडजोड करू नका.

बसवल्यानंतर काय बिघडतं

थंड असताना टक-टक आवाज आणि गरम झाल्यावर बंद: टॅपेट समजून सेटिंग करत बसू नका. बहुधा पॅकिंग किंवा बारीक तडा गळतोय, गरम झाल्यावर बीड फुगून फट बंद होते. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवा, जागा सापडते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजतात: जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. इंजिन थंड असताना चालू करा, दोन्ही पाइपांच्या तोंडाशी ओलं फडकं दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे दिसतात.

एक पाइप काळा, एक राखाडी: पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरचे प्लग काढून तुलना करा. पांढरे पडलेले प्लग ज्या बाजूचे, त्या बाजूला इनटेकचं पॅकिंग हवा घेतंय.

दुपारी गाडी थांबवली की परत चालू होत नाही: मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45च्या आसपास असतो, त्यात कार्बोरेटरखाली हीट बॉक्स. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते 78 अंशांना उकळतं. हीट रायझरची (हीट बॉक्सकडे गरम धूर वळवणारी) झडप गंजून ‘गरम’ बाजूला अडकली असेल तर कार्बोरेटरमध्येच वाफ होते. झडप हाताने फिरते का बघा, कार्बोरेटरखाली 6 मिमीचा बेकेलाइटचा स्पेसर द्या आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब न्या. इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ होतं (हवेच्या मानाने जळण कमी पडतं), म्हणून प्लग पांढरट दिसले तर कार्बोरेटरचा मेन जेट एक पायरी मोठा घाला.

सकाळी दोन्ही पाइपांतून पाणी टपकतं: जळणातून तयार झालेल्या वाफेचं थंड पाइपात पाणी होतं. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर काळजी नको. मात्र दोन पाइपांत उष्णता विभागली जाते, सायलेन्सर लवकर तापत नाही आणि आतून गंजतो. प्रत्येक सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी 3 मिमीचं भोक पाडा, आणि गाडी काढली की 20-25 किलोमीटर तरी चालवा.

पहिली खरी परीक्षा चढावर घ्या. चाळीसगावहून कन्नड घाट चढून या, रात्रभर गाडी थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर सगळे नट परत आवळा. 500 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. आणि मूळ मॅनिफोल्ड त्याच्या क्लॅम्प-नटांसकट, तेल लावून, पोत्यात गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांइतकंच जपून ठेवा.