गीझरचा थर्मोस्टॅट: यांत्रिक घ्यावा की डिजिटल?

गोव्यात घर तापवावे लागत नाही, त्यामुळे थर्मोस्टॅटशी, म्हणजे ठरलेल्या तापमानाला यंत्र आपोआप बंद-चालू करणाऱ्या भागाशी, आपली गाठ पडते ती गीझर, फ्रीज आणि एसीमध्येच. फ्रीज आणि एसीमध्ये निवड बहुधा कंपनीनेच केलेली असते. गीझर घेताना मात्र ती आपल्याला करावी लागते आणि दुकानातल्या चमकत्या आकड्याला भुलण्याआधी तो आकडा न्हाणीघरात कुठे बसणार आहे, हे पाहावे.

यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये टाकीत बुडवलेल्या नळीतील द्रव किंवा धातू उष्णतेने प्रसरण पावतो, ‘टक्’ असा आवाज होऊन खटका सुटतो, वीज तुटते आणि गीझरवरचा दिवा मालवतो. पाणी काही अंश निवले की खटका पुन्हा जोडला जातो. डिजिटल प्रकारात संवेदक तापमान मोजतो आणि सर्किट रिले (विजेवर चालणारा खटका) चालवते. डिजिटल अधिक काटेकोर असतो, यात वाद नाही. परंतु बादलीत थंड पाणी मिसळूनच आंघोळ करणाऱ्याला दोन-चार अंशांच्या फरकाने काय साधते?

खाऱ्या वाऱ्याचा आणि पावसाळी दमटपणाचा विचार मात्र आवर्जून करावा. किनाऱ्यालगतच्या आमच्या घरातील डिजिटल गीझर तिसऱ्याच पावसाळ्यात बंद पडला. वायरमनने झाकण काढले तेव्हा सर्किटच्या तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढलेला होता आणि अख्खे सर्किट बदलावे लागले. यांत्रिक गीझरमध्ये बहुधा तेवढा थर्मोस्टॅटच बदलून भागते. न्हाणीघराला खिडकी नसेल किंवा घर समुद्राजवळ असेल, तर मी यांत्रिकच घेईन.

तरीही डिजिटल घ्यायचा असेल, तर दुकानदाराला गीझर लावून, तापमान ठरवून, प्लगचा स्विच बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे. ठरवलेले तापमान पुसले जात असेल, तर वीज जाऊन आल्यावर दर वेळी तेच होईल. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर डिजिटलमधील बटण-कुलूप उपयोगी पडते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते.

एसीमध्ये मात्र डिजिटलच सोयीचा. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेल्या एसीचे मूळ (कंपनीने आधीच ठरवून दिलेले) तापमान 24 अंश ठेवलेले असते, ते उगाच खाली आणू नये. फ्रीजच्या नॉबवरील 1 ते 5 हे आकडे अंश नव्हेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जुना थर्मोस्टॅट बदलताना एमसीबी (वीजपेटीतील सुरक्षा स्विच) बंद करून वायरमनकडूनच काम करून घ्यावे. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर ओढतो, म्हणून नवा भाग 16 अँपिअरचा असावा आणि अतिउष्णतेचा वेगळा कट-आउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा भाग) कधीही काढून टाकू नये. नॉब बाहेरून फिरत असेल, तर दिवा मालवताच बादलीत पाणी घेऊन थर्मामीटरने मोजावे आणि हवे ते तापमान जिथे मिळेल तिथे नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा.