पार्किंगमध्ये विजेचा पॉइंट नसताना मोबिलिटी स्कूटर चार्ज कशी करावी

सांगलीच्या गावभागात आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि खालच्या पार्किंगमध्ये विजेचा पॉइंट नाही. गुडघ्यांमुळे आईला दिवसातून एकदाच जिना उतरता-चढता येतो, आणि खाली उतरल्यावर तिचे सगळे फिरणे, गणपती मंदिरापासून मंडईपर्यंत, मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीवर अवलंबून असते. अशा घरांत ही गाडी कशी चार्ज करावी, याविषयी अनुभवातून कळलेले येथे लिहीत आहे.

आधी विजेचा हिशेब करावा. बहुतेक मोबिलिटी स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. त्या २० अँपिअर-तासांच्या असतील, तर २४ गुणिले २०, म्हणजे ४८० वॅट-तास वीज त्यांत मावते. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साधारण ०.६ युनिट लागते. चार्जर एका वेळी दोन पंख्यांइतकीच वीज ओढतो. शेजारच्या दुकानदारांना "काका, रात्रभर प्लग लावू का?" असे विचारताना हा आकडा सांगावा आणि महिन्याचे पैसे आपणहून ठरवून द्यावेत, बिल फुगेल ही त्यांची भीती त्यामुळे जाते.

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे गाडी खाली ठेवून बॅटरी वर नेणे. अनेक स्कूटरमध्ये सीटखाली मुठीची बॅटरीपेटी असते. पेटीलाच चार्जरचे छिद्र आहे का, हे गाडी घेण्यापूर्वीच पाहावे, कारण ते फक्त गाडीच्या दांड्यावर असेल तर बॅटरी वर नेऊनही उपयोग होत नाही. २० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांचे वजन १२-१३ किलोच्या आसपास भरते, त्यामुळे हे काम घरातल्या धडधाकट माणसानेच करावे. पेटी फरशीवर, समई आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी व तिच्यावर कापड टाकू नये. आधी चार्जरची पिन बॅटरीत बसवावी, मग भिंतीवरचे बटण चालू करावे. काढताना उलट क्रमाने, म्हणजे आधी बटण बंद करावे.

बॅटरी उचलणारे कोणी नसेल, तर खालीच पॉइंट घ्यावा. बऱ्याच इमारतींत सगळे मीटर जिन्याखालीच असतात, त्यामुळे आपल्या मीटरपुढील मुख्य स्विचपासून पार्किंगपर्यंतचे अंतर अनेकदा काही फुटांचेच निघते, ही गोष्ट आमच्याही फार उशिरा लक्षात आली. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंगसह थ्री-पिन पॉइंट, एमसीबी (जास्त भार पडल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि कुलपाची पेटी बसवून घ्यावी. मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये. वीज आपल्याच मीटरवर पडत असल्याने वाद उरत नाही.

खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. पावसाळ्यात टेप लावलेल्या जोडावरून पाणी आत शिरते आणि ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते.

भारनियमनाच्या गावी घरचा इन्व्हर्टर अडीअडचणीला चालतो. त्याच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असले, तरी स्कूटरने त्यातला तिसरा हिस्सा घेतला की रात्री पंखे लवकर बंद पडतात. शिवाय स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात, म्हणून घरच्या विजेसारखीच वीज देणारा साइन वेव्हचाच वापरावा. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून २४ व्होल्टची स्कूटर थेट वायर जोडून चार्ज होत नाही, तो प्रयोग करू नये. मळ्यातल्या घरासाठी १०० वॅटची दोन सौर पॅनेल एकापुढे एक जोडून २४ व्होल्टच्या चार्ज कंट्रोलरमार्फत, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या उपकरणामार्फत वापरता येतात. स्वच्छ उन्हात दिवसभरात वरचा हिशेब भागतो, आषाढ-श्रावणात मात्र त्यांच्यावर विसंबू नये. कंट्रोलर आपल्या बॅटरीच्या प्रकाराला चालणारा हवा. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लावावा.

शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात आम्ही नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा गाडी जिन्यावर चढवली, पण बॅटरी तशीच रिकामी ठेवली. जवळजवळ महिन्याने ती चार्ज केली, तर आई मंदिरापर्यंत पोहोचायची आणि परतताना गाडी वाटेत थांबायची. शेवटी दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. म्हणून थोडे फिरून आले तरी त्याच रात्री चार्ज करावे आणि गाडी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरावी. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी वाढू लागले की सुरक्षिततेसाठी सखल भागांतील वीज बंद केली जाते, त्यामुळे नदी ४० फुटांकडे सरकत असल्याची बातमी येताच आम्ही त्याच दिवशी बॅटरी पूर्ण भरून वर आणतो आणि चार्जर औषधांच्या पिशवीत ठेवतो.