एका स्टॉपरची किंमत ठरवताना या चुका टाळा

31 मार्च 2019, इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा सामना, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम 1-1 बरोबरीत, सामना संपायला थोडाच वेळ उरलेला. टॉटनहॅमचा सिसोको मधून चेंडू घेऊन सुटला. शेजारी त्याचाच साथीदार सन धावतोय आणि दोघांच्या समोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक, लिव्हरपूलचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध उभा राहणारा डिफेंडर. तो अंगावर गेला नाही. मागे मागे सरकत राहिला, पण सनकडे जाणारी वाट अंगाने अडवून. पास बंद झाल्यावर सिसोकोला स्वतःच फटका मारावा लागला, तोही डाव्या, म्हणजे कच्च्या पायाने. चेंडू बारवरून गेला. थोड्याच वेळात आल्डरवेरेल्डच्या स्वयंगोलवर लिव्हरपूलने सामना 2-1 ने खिशात घातला.

आमच्या मैदानावरच्या पोरांना मी हा तुकडा मोबाइलवर दाखवतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, पण त्याने केलं काय?" या प्रश्नातच पहिली चूक आहे.

टॅकल मोजून डिफेंडर तोलू नका

त्या क्षणी व्हॅन डाइकच्या नावावर एकही टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू हिसकावणं, लागला नाही. चेंडूला त्याचा पाय लागला नाही. तरी तो गोल त्यानेच वाचवला. चांगला स्टॉपर आधीच जागेवर पोहोचलेला असतो, म्हणून त्याला घसरून पाय घालायची वेळ कमी येते. उलट एका सामन्यात दहा वेळा जमिनीवर लोळणारा डिफेंडर बघून प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि मला काळजी वाटते. इतक्या वेळा तो उशिरा का पोहोचला, हे आधी विचारायला हवं.

पुढच्या सामन्यात चेंडूवरची नजर पाच मिनिटं काढून फक्त स्टॉपरकडे बघा. तो कुणाला हाका मारतो, हाताने कुणाला पुढे ढकलतो, साइड बॅक (कडेचा डिफेंडर) वर गेला की कुठली रिकामी जागा धरतो. खरं काम तिथे चाललेलं असतं.

फक्त खाल्लेले गोल बघू नका

व्हॅन डाइक जानेवारी 2018 मध्ये साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलकडे आला. डिफेंडरसाठी तोवर कुणी इतके पैसे मोजले नव्हते. 2016-17 मध्ये लिव्हरपूलने लीगमध्ये 42 गोल खाल्ले होते, 2018-19 मध्ये फक्त 22. हिशेब सोपा वाटतो. पण 2018 च्या उन्हाळ्यात अ‍ॅलिसनसारखा गोलकीपर आणि बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा फॅबिन्यो हेही आले होते. त्यांचं श्रेय एकाच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे. 2022-23 मध्ये व्हॅन डाइक बहुतेक सामने खेळला, तरी लिव्हरपूलने 47 गोल खाल्ले आणि पाचव्या क्रमांकावर राहिलं. पुढची माणसं थकली, मधली फळी उघडी पडली की एकटा माणूस किती भोकं बुजवणार?

उलट टोकाची चूकही तितकीच होते. 17 ऑक्टोबर 2020 ला एव्हर्टनविरुद्ध सुरुवातीलाच व्हॅन डाइकचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. त्या हंगामातल्या आधीच्या 4 सामन्यांत लिव्हरपूलने 11 गोल खाल्ले होते. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धचा 7-2 चा पराभव त्यातलाच, आणि त्या दिवशी तो मैदानावर होता. उरलेल्या 34 सामन्यांत मिळून 31 गोल बसले. नुसता हाच रकाना वाचला तर तो नसताना संघ जास्त चांगला बचाव करत होता, असं निघेल!

मग तोटा झाला कुठे? दुसरा रकाना बघा. 2019-20 मध्ये विजेतेपद मिळवताना लिव्हरपूलने 85 गोल केले होते, 2020-21 मध्ये 68. म्हणजे खाल्लेले गोल 33 वरून 42 झाले, 9 ने वाढले. केलेले मात्र 17 ने घटले. रिकामी स्टेडियमं, इतर दुखापती, बरीच कारणं होती. पण एक कारण थेट मागच्या फळीतून येतं. पाठीमागे भरवशाचा माणूस असला की बचावाची रेषा, म्हणजे डिफेंडरांची रांग, गोलपासून वर सरकते, साइड बॅक बिनधास्त पुढे जातात, आणि त्याच्या लांब तिरक्या पासवर हल्ला दहा सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तो गेला की सगळा संघ पाच पावलं मागे उभा राहतो. स्टॉपरची किंमत स्ट्रायकरच्या खात्यातही शोधावी लागते, ती अशी.

एक भोक बुजवायला दुसरं पाडू नका

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि ती मी स्वतः केली आहे. आंतरशालेय स्पर्धेत आमच्या स्टॉपरचा घोटा मुरगळला. मी संघातला सगळ्यात समंजस हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, मागे ओढला. त्याने मागे काही चुकवलं नाही. पण मधे चेंडू धरणारं कुणी उरलं नाही, उत्तरार्धात चेंडू सतत आमच्याच अर्ध्यात राहिला आणि पोरं शेवटी दमून हरली. बेंचवर एक शांत, उंच मुलगा बसून होता. त्याची जागाच ती होती. त्याला उभा करण्याचं धाडस मला झालं नाही.

लिव्हरपूलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. व्हॅन डाइकनंतर नोव्हेंबरमध्ये दुसरा स्टॉपर गोमेझ जखमी झाला, जानेवारीअखेरीस तिसरा, माटिप. मधल्या फळीतले फॅबिन्यो आणि हेंडरसन मागे आले, मधली फळी पोकळ झाली. घरच्या मैदानावर लीगचे सलग 68 सामने न हरलेला संघ तिथेच सलग 6 सामने हरला. मार्चमध्ये फॅबिन्यो पुन्हा मधे गेला. मागे नॅट फिलिप्स उभा राहिला, त्याच्या जोडीला कधी कबाक, शेवटी तरणा रीस विल्यम्स. दोघा-तिघांपैकी एकही व्हॅन डाइकच्या पासंगाला पुरणारा नव्हता, पण प्रत्येक जण आपापल्या जागेवर होता. शेवटच्या 10 लीग सामन्यांत 8 विजय, 2 बरोबरी, आणि तिसरा क्रमांक.

माणूस बदलला तर रेषाही बदला

मार्च 2023 मध्ये आर्सेनल लीगमध्ये आघाडीवर असताना त्यांचा स्टॉपर सलिबा जखमी झाला. त्याच्या जागी होल्डिंग आला. सलिबा वेगाने मागे वळून चेंडू गाठायचा, म्हणून रेषा वर ठेवणं परवडत होतं. होल्डिंगला ते जमणारं नव्हतं. पुढे लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम या दोघांविरुद्ध 2-0 ची आघाडी 2-2 झाली आणि विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे गेलं. बदली खेळाडूला मूळच्या खेळाडूचं काम जसंच्या तसं देऊ नका. रेषा चार-पाच मीटर खाली घ्या, एक साइड बॅक मागेच थांबवा, हाफला बदली खेळाडूच्या जवळ ठेवा.

जोडीदाराला विसरू नका

स्टॉपर जोडीने खेळतो. सप्टेंबर 2019 मध्ये भारताने दोह्यात आशियाई विजेत्या कतारला 0-0 वर रोखलं, तेव्हा मागे संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान होते, गोलमध्ये गुरप्रीत. ऑक्टोबरमध्ये कोलकात्यातल्या बांगलादेश सामन्याच्या तोंडावर झिंगनचा गुडघा गेला आणि जोडी तुटली. त्या सामन्यात भारत मागे पडला. 88 व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने बरोबरी साधली ती आदिलने. म्हणून सरावात पहिल्या स्टॉपरला आठवड्यातून एकदा बाहेर बसवा आणि उरलेल्याला नव्या जोडीदाराबरोबर अर्धा तास खेळवा. पहिली दहा मिनिटं दोघं एकमेकांवर आदळतात, ऑफसाइडचा सापळा (एकदम पुढे सरकून समोरच्या हल्लेखोराला ऑफसाइड पकडणं) फसतो. मग हळूहळू हाका सुरू होतात: "माझा!", "मागं बघ!", "सोड, सोड!"